पट्टी लेकीची, कॅपो बाबांचा

पत्र: नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो. नवरा कॉलेजपासून गिटार वाजवतो, जुन्या अमेरिकन ब्लूजचं त्याला वेड आहे. मुलगी सोळा वर्षांची, सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकते, काळी चारमध्ये गाते. अकरा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला माउथ ऑर्गन मिळाला, त्यावर 'सी' असं कोरलंय. सासूबाई भजनी मंडळात टाळ वाजवायच्या. मला काही वाजवता येत नाही, पण सुरात गाते. कार्टर फॅमिलीसारख्या घरच्याच माणसांनी मिळून केलेली जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकून आम्हीही दर रविवारी बसायला लागलो. एकेकटे सगळे बरे वाजवतात, एकत्र आलो की नुसता कालवा. माउथ ऑर्गन कायम बेसूर लागतो, गाणं संपेपर्यंत लय कुठच्या कुठे जाते आणि मुलीचा आवाज ऐकूच येत नाही. वीस मिनिटांत कोणीतरी रुसून आत जातं. नवरा म्हणतो, माइक आणि स्पीकर घेऊ. घ्यावा का?
एक आई, ठाणे

उत्तर:

ताई, माइक आणि स्पीकर आत्ता घेऊ नका. आहे तो कालवा फक्त मोठा होईल. तुमच्याकडे पाचही जण पहिल्यापासून शेवटपर्यंत आपापलं अख्खं गाणं वाजवताहेत, आणि कोणाची पट्टी धरायची हे कोणीच ठरवलेलं नाही. या दोन गोष्टी सुधारल्या की बाकीच्या तक्रारी निम्म्या होतात.

पट्टीपासून सुरुवात करा. बाबांनी ब्लूज गिटारवर शिकलाय म्हणजे ते बहुतेक ई मध्ये वाजवत असणार, म्हणजे पांढरी तीन. गिटारवर ब्लूजला ती सगळ्यांत सोयीची. लेकीचा गळा काळी चारला बसलेला. मुलाच्या हातात सी चा, म्हणजे पांढरी एकचा माउथ ऑर्गन. ई च्या सप्तकातल्या सात सुरांपैकी फक्त तीन सूर त्या माउथ ऑर्गनवर आहेत. पोराने कितीही जीव ओतला तरी उरलेले चार तिथे सापडणार नाहीत. तो बेसूर वाजवत नाहीये, त्याच्या हातात त्या गाण्याचं वाद्यच नाहीये. हे त्याला आजच सांगा, तो बिचारा स्वतःलाच दोष देत असेल.

तोडगा तुमच्या घरातच आहे. लेकीला अर्धा सूर खाली, पांढरी पाचमध्ये गायला सांगा. क्लासचा रियाज काळी चारमध्येच राहू दे, इथे अर्ध्या सुराने तिचं काही बिघडत नाही. पांढरी पाच म्हणजे जी. आता बाबांनी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चाप, तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर) लावायचा आणि बोटं नेहमीसारखी ई मध्येच वाजवायची. ऐकू येईल जी. त्यांच्या हाताला सवय असलेली एकही हरकत बदलावी लागत नाही. आणि सी चा माउथ ऑर्गन ब्लूजसाठी जी मध्येच वाजवतात. या पद्धतीला क्रॉस हार्प म्हणतात: गाण्याच्या सा पासून मध्यमाचा माउथ ऑर्गन घ्यायचा आणि फुंकण्यापेक्षा श्वास ओढून जास्त वाजवायचं. जी चा मध्यम सी. म्हणजे नवीन खरेदी शून्य.

त्याआधी माउथ ऑर्गन हातात घेऊन भोकं मोजा. एका ओळीत दहा भोकं असतील तर काम झालं. आपल्याकडे दुकानात माउथ ऑर्गन म्हणून पुष्कळदा दोन ओळींत बारीक चौकोनी भोकं असलेला लांब प्रकार देतात. त्यात प्रत्येक सुराला दोन पत्त्या (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असतात, एकमेकींपासून किंचित सरकवून लावलेल्या, म्हणून आवाज थरथरतो. साध्या चालींना तो गोड लागतो, पण ब्लूजमध्ये सूर वाकवावा लागतो आणि तो त्याच्यावर वाकत नाही. तसा निघाला तर त्यावर सी मधल्या लोकगीतांच्या चाली वाजवू द्या आणि दहा भोकांचा वेगळा घ्या.

दहा भोकांच्या सी वर जी चा सा दुसऱ्या भोकात ओढून मिळतो. तिसरं ओढलं की शुद्ध गंधार, चौथं फुंकलं की मध्यम, ओढलं की पंचम, पाचवं फुंकलं की धैवत, ओढलं की कोमल निषाद, सहावं फुंकलं की वरचा सा. पहिल्या महिन्यात एवढंच पुरे. त्यातही दोन, तीन आणि चार ही तीन भोकं ओढून नीट आली तरी गाणं उभं राहतं. नवशिक्यांचं दुसरं भोक हमखास घुसमटतं किंवा उतरतं. मुलाला वाटेल वाद्य खराब आहे. तसं नसतं. जोरात ओढल्यामुळे किंवा ओठ आवळल्यामुळे पत्ती दबते. जांभई देताना घसा उघडतो तसा उघडा ठेवून, स्ट्रॉने नव्हे तर नाकाने घेतो तितक्या हलक्या श्वासाने ओढायला सांगा. सूर वाकवणं नंतर, चौथ्या भोकापासून. जीभ मागे-खाली नेत 'ई'चा 'ऊ' करत ओढलं की पंचम अर्धा सूर उतरून तीव्र मध्यमावर येतो. ते जमायला आठवडे लागतात, घाई नको. आणि वाजवण्याआधी चूळ भरायची, लाडू खाऊन थेट तोंडाला लावायचा नाही. साखर पत्तीवर बसली की सूर अडकतो.

आणखी एक बारीक गोष्ट. बरेच माउथ ऑर्गन कारखान्यातूनच ४४० पेक्षा (ए सुराच्या नेहमीच्या मापापेक्षा) किंचित वर लावलेले येतात. माउथ ऑर्गन तुम्हाला उतरवता येणार नाही, म्हणून गिटार त्याला मिळवायची. ट्यूनरच्या ॲपमध्ये आकडा ४४२ करून बघा, खटकणं थांबतं का. आणि गिटार कॅपो लावल्यावर पुन्हा लावायची. कॅपो फ्रेटच्या तारेला अगदी चिकटून नसेल किंवा फार आवळला असेल तर जाड तारा चढतात, आणि मग सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात.

आता वाटणी. ब्लूजचं कडवं बारा मात्रांचं नव्हे, बारा मापांचं असतं, प्रत्येक मापात चार ठोके. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सरगमात सांगायचे तर सा ची चार मापं, म ची दोन, सा ची दोन, मग प चं एक, म चं एक, सा चं एक आणि शेवटी पुन्हा प चं एक, जे पुढच्या कडव्यात ढकलतं. बाबांच्या बोटांत हेच ई, ए आणि बी च्या सेव्हन्थ कॉर्डनी (साध्या कॉर्डच्या तीन सुरांना चौथा जोडलेले) असतं. शब्दांच्या ओळी तीन. पहिली गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीला चार मापं मिळतात, पण शब्द साधारण दोन-अडीच मापांतच संपतात. उरलेली दीड-दोन मापं मोकळी असतात, आणि ती मुद्दाम मोकळी असतात.

तिथे मुलाची जागा. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की झीलकरी 'जी जी' करून उचलतात, तसा माउथ ऑर्गन हा झीलकरी आहे. लेक गातेय तोवर तो ओठांपासून खाली, मांडीवर. ओळ संपली की तिसऱ्या-चौथ्या मापात तीन-चार सुरांचं उत्तर, पुन्हा खाली. सातव्या-आठव्या मापातली जागा बाबांच्या गिटारची. अकराव्या-बाराव्यात दोघांनीही काही सजवायचं नाही, फक्त बाबांनी प वर आणून सोडायचं. हे एवढं पाळलं की लेकीचा आवाज माइकशिवाय ऐकू येईल. तो आजवर दबत होता कारण शब्दांवरच बाकीचे वाजवत होते. मुलाला गप्प बसणं सगळ्यांत जड जाईल. एका कागदावर बारा चौकोन काढा, त्याच्या मापांचे चौकोन पिवळे रंगवा आणि समोर ठेवा. बोट फिरवत मोजू दे.

तुम्ही कार्टर फॅमिलीचं नाव घेतलंत, तर त्यांच्याकडे याच नजरेने पाहा. ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सेरा आणि सेराची चुलतबहीण मेबेल, जी ए. पीं.च्या भावाची बायको. व्हर्जिनियाच्या डोंगरातून येऊन त्यांनी १ आणि २ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल गावात सहा गाणी रेकॉर्ड केली. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची. मुख्य आवाज सेराचा आणि तिच्या मांडीवर ऑटोहार्प, म्हणजे दिसायला आपल्या स्वरमंडळासारखं, फक्त पट्ट्या दाबल्या की कॉर्ड लागतो. चाल वाजवायची ती मेबेल, अंगठ्याने खालच्या जाड तारांवर, आणि त्याच वेळी पहिल्या बोटाने बारीक तारांवर ठेका घासायचा. ए. पी. मधूनच एखाद्या ओळीत खालचा सूर देत, कित्येक ओळींत काहीच नाही. तीन माणसं, आणि कोणी कोणाच्या जागेत पाय टाकत नाही. लोकगीतं घ्याल तेव्हा बाबांनी मेबेलचा हा हात शिकावा. पिकशिवाय (तारा छेडायची चकती न घेता), अंगठा आणि एका बोटाने. अंगठ्याची चाल फक्त दोन कडव्यांच्या मध्ये वाजवायची. शब्द चालू असताना नुसता खर्ज आणि घासलेला ठेका.

मुलांना एक सांगायला विसरू नका. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत हिंडायचे तेव्हा लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्याबरोबर असे. चाली तो लक्षात ठेवायचा, आणि मेबेल त्याच्याकडूनही शिकली. कार्टर फॅमिलीच्या रेकॉर्डवर त्याचं नाव नाही. ब्लूज ही तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माणसांचीच घडण. मिसिसिपीतल्या बोल्टन गावचं चॅटमन घराणं बघा. त्यांच्यातल्या भावांनी 'मिसिसिपी शेक्स' या नावाने १९३० च्या सुमारास फिडल आणि गिटारवर रेकॉर्ड केल्या. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय हे नवराबायको दोन गिटारी घेऊन बसायचे. मुलं ज्यांची गाणी गाणार, त्यांची नावं त्यांच्या तोंडी असू देत.

लेकीकडे वळू. सहा वर्षांचा शास्त्रीय रियाज हे तुमच्या घरातलं मोठं भांडवल आहे, पण तिला दोन सवयी बाजूला ठेवाव्या लागतील. एक, मोकळी जागा दिसली की आलाप भरायची. ती जागा भावाची आहे. दुसरी, गंधार कोमल की शुद्ध हे आधी पक्कं करायची. ब्लूजचा गंधार मध्ये राहतो. बाबांना सा चा कॉर्ड धरायला सांगा, तिने कोमल गंधारावर उभं राहून मींडेने वर निघायचं आणि शुद्धाला टेकायच्या आधी थांबायचं. कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजतोय, त्यामुळे घासल्यासारखं वाटेल. ते घासणं हवंच आहे. मग बाबा म च्या सेव्हन्थ कॉर्डवर गेले की तिने गंधार पूर्ण कोमल घ्यायचा. त्या कॉर्डच्या चार सुरांत कोमल गंधार आहेच, म्हणून तो तिथे शांत बसतो. हा एकच सूर दोन कॉर्डवर दोन तऱ्हांनी लावता आला की गाणं एकदम ब्लूज वाटायला लागतं. रोज दहा मिनिटं, आठवडाभर. गाणं पांढरी पाचमध्ये फार खाली जात असेल, सगळे शब्द मंद्रातच राहत असतील, तर कॅपो पाचव्या फ्रेटवर नेऊन पांढरी सहामध्ये या. पण तिथे मुलाला डी चा माउथ ऑर्गन लागेल. त्या गाण्यात त्याला सुट्टी द्या.

तुम्ही म्हणता मला काही वाजवता येत नाही. सुरात गाता ना, मग लोकगीतांत दुसरा आवाज तुमचा. आपल्याकडे दोघी गायल्या तर एकच चाल गातात, म्हणून सुरुवातीला लेकीच्या सुराकडे ओढलं जायला होईल. त्यासाठी तुमची ओळ वेगळी चाल म्हणून एकटीने पाठ करा आणि मगच तिच्याबरोबर गा. ती ओळ बांधायची रीत अशी: साध्या कॉर्डचे तीन सूर असतात, लेक त्यातल्या ज्यावर टेकते त्याच्या लगेच वरचा तुम्ही घ्यायचा. सा च्या कॉर्डवर ती सा, तर तुम्ही ग. तीच सा वर राहिली पण कॉर्ड म चा झाला, तर तुम्ही ग सोडून म वर सरकायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. ग धरून ठेवतात आणि खटकलं की आपलाच कान खराब असं समजतात. दोन ओळी पुरेत, अख्खं गाणं दोघींनी गायची गरज नाही. आवाज तिच्यापेक्षा कमी, आणि ओठांकडे बघत, म्हणजे शब्द एकदम सुटतात.

आता लय, आणि ती आजींच्या हाती द्या. घरात ठेका अंगात मुरलेलं माणूस त्याच आहेत. मात्र दोन बदल. टाळ मोकळा वाजला की त्याची झणझण गिटारचे बारीक सूर आणि शब्दांची व्यंजनं गिळते. त्याऐवजी चिपळ्या द्या, किंवा टाळांच्या कडा बोटांनी दाबून नुसता 'टक' काढायला सांगा. अमेरिकेत याच कोरड्या आवाजासाठी कपडे घासायची पत्र्याची पाटी बोटांत अंगुस्तान घालून वाजवायचे. दुसरा बदल जड जाईल. आपला हात समेवर, पहिल्या ठोक्यावर पडतो. इथे तो दुसऱ्या आणि चौथ्यावर पडायला हवा. पायाने एक आणि तीन, हाताने दोन आणि चार. पाय कधी थांबवायचा नाही.

गिटारचा डुलता ठेका समजायला आजींनाच दादरा म्हणायला लावा. धा धिं ना, धा तिं ना. दादऱ्याची दोन आवर्तनं म्हणजे ब्लूजचं एक माप. बाबांनी प्रत्येक तीनातला पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. बहुतेक वेळा लय पळते ती याच मधल्या मात्रेमुळे. ती पूर्ण गिळली नाही, थोडी आखूड केली की दर मापाला केसभर घाई होते, आणि बारा मापांत ती सगळ्यांना जाणवते. मेट्रोनोम (लय मोजून टिकटिकणारं यंत्र) मिनिटाला ८४ ठोक्यांवर लावून बाबांनी आधी एकट्यानेच सलग चार कडवी वाजवावीत. तो फोनमध्ये टिकटिकताना सगळ्यांना बसवू नका, मग सगळे त्याच्याशी झुंजतात. बैठकीत लय आजींची. त्यांच्यापुढे कोणी जायचं नाही, बाबांनीही.

माइकऐवजी जागा बदला. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाका, खिडकीचे पडदे ओढा, नाहीतर टाइल्सवरून आवाज उलटून येतो. स्टुलावर छातीच्या उंचीला फोन ठेवा आणि रेकॉर्ड करा. लेक फोनपासून अडीच फुटांवर, तुम्ही तिच्या खांद्याशी. बाबा चार फुटांवर, गिटारचं भोक फोनकडे न करता थोडं तिरकं. मुलगा सहा-सात फुटांवर, कारण माउथ ऑर्गनचा आवाज टोकदार असतो आणि लांबूनही पोचतो. आजी सगळ्यांच्या मागे. एक कडवं वाजवा, ऐका, जो जास्त ऐकू येतो त्याने एक फूट मागे सरकायचं. 'तू हळू वाजव' म्हणण्यापेक्षा 'एक पाऊल मागे' म्हटलेलं लोक मुकाट ऐकतात.

रुसवेफुगवे. बैठक चाळीस मिनिटांची, त्यात गाणी दोनच: एक ब्लूज, एक लोकगीत. चुकलं तरी गाणं थांबवायचं नाही. थांबलं की कोणामुळे थांबलं याची चौकशी सुरू होते. शेवटपर्यंत जा, मग फोनवर ऐका, आणि प्रत्येकाने फक्त आपली चूक सांगायची. गाणाऱ्याचा शब्द शेवटचा: कुठून घ्यायचं, किती लयीत, कुठे संपवायचं. बाबांनी बैठकीत शिकवणी घेऊ नये. मुलाला काही दाखवायचं तर मधल्या वारी, दोघंच, दहा मिनिटं.

पुढे मन रमलं तर तुमच्या हातातही वाद्य येऊ शकतं. सोळा-अठरा इंचांचा पत्र्याचा टब पालथा घाला, तळाला मधोमध भोक पाडून दोन्ही बाजूंनी वॉशर लावा, नाहीतर दोरी पत्रा फाडते. त्यातून तीन मिलिमीटरची नायलॉनची दोरी ओवून आत गाठ मारा. साडेचार फुटांच्या काठीला खाली खाच करून ती टबाच्या काठावर बसवा आणि दोरीचं दुसरं टोक काठीच्या वर बांधा. काठी मागे ओढली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. टबाची एक कड लाकडाच्या ठोकळ्यावर उचलून ठेवा, जमिनीला पूर्ण टेकला तर आवाज आतच कोंडतो. खाली रबरी मॅट घाला, खालच्या मजल्यावरच्यांसाठी. सा आणि प, दोनच सूर शोधून काठीची जागा लक्षात ठेवा.

पावसाळ्यात गिटार खोक्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ठाण्याच्या दमट हवेत लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात आणि कॅपो लावल्यावर आणखी बेसूर होतात. तारा अकराच्या संचाच्या (सगळ्यांत बारीक तार ०.०११ इंच जाड) घ्या, दोन-तीन महिन्यांनी बदला. पुढचा माउथ ऑर्गन घ्याल तो ए चा. कॅपो काढून बाबा स्वतः ई मध्ये गायला बसले, की मुलाला तोच लागणार आहे.